वेलांट्या कापल्या, शिरोरेषा तुटली: मराठी पानांच्या एचटीएमएल-सीएसएसबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आधी गल्लीतल्या मंडळाची साइट केली, मग भावाच्या क्लासची, मग एका दिवाळी अंकाची, आणि मग कुणाच्या ना कुणाच्या ओळखीनं कामं येतच गेली. तेव्हापासून व्हॉट्सॲपवर तेच तेच प्रश्न येतात आणि मी तीच तीच उत्तरं टाइप करतो, शेवटी कंटाळून एकदाच सगळं इथं लिहून काढलं. एचटीएमएल म्हणजे पानाचा सांगाडा, सीएसएस म्हणजे त्याचं रूप ठरवणारे नियम. बहुतेक प्रश्नांच्या मुळाशी एकच भानगड असते, टेम्प्लेट, म्हणजे साइटचा तयार साचा, बनवणाऱ्यानं इंग्रजी अक्षरं डोळ्यासमोर ठेवलेली असतात आणि आपण त्यात मराठी ओततो.

इथं कोड देवनागरीत का लिहिलाय? असाच टाइप करायचा का?

नाही नाही, एडिटरमधे सगळं इंग्रजी अक्षरांतच टाइप करायचं, आकडेसुद्धा इंग्रजीच (आपण स्वतः ठेवलेल्या नावांचा अपवाद आहे, तो पुढे येतोच). फोनवर एकमेकांना सांगताना आपण कसं "लाइन हाइट एक पॉइंट सात कर" म्हणतो, तसंच इथं लिहिलंय. एकानं खरंच मराठी कीबोर्डवरून फॉन्ट-साइझपुढे देवनागरीत १८ टाकलं होतं आणि दोन तास शोधत बसला की साइझ का बदलत नाही. ब्राउझरला तो आकडा आकडा वाटतच नाही, पूर्ण ओळ तो गपचूप सोडून देतो, एररबिरर काही दाखवत नाही.

हेडिंगमधल्या वेलांट्या आणि रफार वरून कापले जातात. फॉन्ट खराब आहे का?

फॉन्ट बिचारा बरा असतो. एक शब्द घ्या, "गणेशमूर्तींची". त्यातल्या "र्तीं" कडे नीट बघा, एकाच अक्षराच्या डोक्यावर वेलांटी, रफार आणि अनुस्वार असे तिघं बसलेत, आणि शेजारच्या "मू" च्या पायाशी दीर्घ ऊकार लोंबतोय. इंग्रजीत वर-खाली एवढी गर्दी कधी नसते. टेम्प्लेटमधे हेडिंगची लाइन-हाइट (एका ओळीला मिळणारी उंची) १.१ नाहीतर १.२ ठेवलेली असते, इंग्रजीत ती देखणी दिसते आणि आपल्याकडे वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या वेलांट्यांत अडकतात.

नुसत्या लाइन-हाइटनं अक्षर कापलं जात नाही बरं का, ती कमी असली तर ओळी एकमेकींवर चढतात. कापण्याचं काम ओव्हरफ्लो हिडन करतं. कार्डाच्या टायटलला दोनच ओळी दाखवायच्या म्हणून लाइन-क्लॅम्प लावलेला असतो, त्याच्या सोबत ओव्हरफ्लो हिडन येतंच, आणि चौकटीबाहेर डोकावणारं जे काही असेल ते छाटलं जातं. म्हणून दोन्हीकडे बघायचं: लाइन-हाइट वाढवा आणि ओव्हरफ्लो लावलेल्या डब्याला वर-खाली थोडं पॅडिंग (आतली मोकळी जागा) द्या.

मी मजकुराला १.७ आणि हेडिंगला १.४ च्या आसपास ठेवतो. फॉन्टप्रमाणे थोडं इकडेतिकडे करावं लागतं, आणि तपासताना "नमस्कार" लिहून तपासू नका, त्यात वर काहीच नाही, "मूर्तींची" लिहा.

अजून एक, लाइन-हाइटला एकक लावू नका. बॉडीला (म्हणजे अख्ख्या पानाला) १.७ईएम (ईएम म्हणजे फॉन्ट-साइझच्या पटीतलं माप) लिहिलंत आणि फॉन्ट-साइझ १८ पिक्सेल असली तर ब्राउझर तिथंच ३०.६ पिक्सेलचा हिशेब करतो आणि तोच तयार आकडा खाली सगळ्यांना वाटतो, मग ४० पिक्सेलच्या हेडिंगलाही ३०.६ ची ओळ मिळते आणि चुराडा होतो. नुसतं १.७ लिहिलं की प्रत्येक जण स्वतःच्या साइझनं गुणतो.

बटणातला मजकूर खाली सरकल्यासारखा दिसतो.

बटणाला हाइट ४० पिक्सेल असं ठोकून दिलंय का? ते काढा, त्याऐवजी वर-खाली पॅडिंग द्या, बटण स्वतःच मजकुराएवढं उंच होईल. एवढं करूनही देवनागरी कधीकधी मधे वाटत नाही, कारण शिरोरेषेमुळे सगळं वजन वर असतं आणि फॉन्टनं वेलांटी-उकारांसाठी जागा राखून ठेवलेली असते. तिथं सरळ एक-दोन पिक्सेल पॅडिंग एका बाजूनं कमीजास्त करा. मी करतो, आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही.

मेनूतल्या शब्दांची शिरोरेषा तुटक तुटक का दिसते?

लेटर-स्पेसिंग, म्हणजे अक्षरांमधलं अंतर. शंभरातली नव्याण्णव वेळा तेच. तयार टेम्प्लेटच्या मेनूला दोन गोष्टी हमखास असतात, टेक्स्ट-ट्रान्सफॉर्म अपरकेस आणि लेटर-स्पेसिंग दोन पिक्सेल. इंग्रजीत कॅपिटल अक्षरं थोडी सुटी ठेवली की छान दिसतात म्हणून. आपल्याकडे कॅपिटल-स्मॉल भानगडच नाही, त्यामुळे पहिल्या ओळीचा काही परिणाम होत नाही, आणि दुसरी ओळ मात्र प्रत्येक अक्षरामधे फट पाडते. "आमच्याविषयी" चं आ, म, च्या, वि, ष, यी असं सुटं सुटं दुकान मांडलं जातं.

उपाय सोपा आहे. स्टाइलशीटच्या (सीएसएसच्या फाइलीच्या) अगदी शेवटी लँग-सिलेक्टर (सिलेक्टर म्हणजे नियम कुणाला लागू ते सांगणारा भाग) लिहा, म्हणजे कोलन-लँग आणि कंसात एमआर (मराठीचा कोड), आणि त्यात लेटर-स्पेसिंग शून्य करा. हा सिलेक्टर मराठी ठरवलेल्या भागातल्या आतल्या सगळ्या एलिमेंटना (पानाच्या तुकड्यांना) लागू होतो, आणि त्याचं वजन, म्हणजे नियमांच्या भांडणातला जोर, एका क्लासएवढं (क्लास म्हणजे एलिमेंटला आपण दिलेलं नाव) असतं, म्हणून शेवटी लिहायचा. टेम्प्लेटनं दोन-तीन क्लास जोडून नियम लिहिला असेल तर मात्र तिथं जाऊनच काढावा लागेल. शब्द सुटे हवे असतील तर वर्ड-स्पेसिंग वापरा, त्यानं शिरोरेषेला धक्का लागत नाही.

पण लँग एमआर लिहिलं नाही तरी मराठी दिसतंच की. मग कशाला?

दिसतं, पण कुठलं दिसतं ते बघा. आपला श देठाचा आणि ल पाकळीचा, शाळेत गिरवलेला. हिंदीत श शेंडीचा आणि ल दंडाचा. युनिकोडमधे, म्हणजे प्रत्येक अक्षराला क्रमांक देणाऱ्या जागतिक पद्धतीत, दोन्हींचा क्रमांक एकच आहे, आकार ठरवतो फॉन्ट. नोटो सॅन्स देवनागरीसारख्या बऱ्याच फॉन्टांत दोन्ही आकार भरलेले असतात आणि पानावर भाषा मराठी लिहिलेली असेल तरच मराठी आकार बाहेर येतो. २०२२ च्या शासन निर्णयातही देठाचा श आणि पाकळीचा ल हेच धरलेत, तेव्हा सरकारी किंवा शाळेच्या कामाची साइट असेल तर कुणीतरी हमखास बोट ठेवणार.

एचटीएमएलच्या पहिल्याच टॅगमधे (टोकदार कंसातल्या खुणेत) लँग एमआर लिहायचं, एवढंच. टेम्प्लेटमधे तिथं ईएन असतं आणि ते तसंच राहून जातं, मग स्क्रीन रीडरला (अंध वाचकांना पान वाचून दाखवणाऱ्या प्रोग्रॅमला) वाटतं पान इंग्रजी आहे आणि तो मराठी मजकूर इंग्रजी आवाजात वाचायला जातो. पानात मधेच इंग्रजी उतारा असेल तर तेवढ्यापुरतं त्याला वेगळं लँग द्या.

फॉन्ट कुठला घेऊ?

फुकटात आता चांगले खूप आहेत. माझा नेहमीचा मुक्ता, मुंबईच्या "एक टाइप" नावाच्या फॉन्टवाल्यांचा, ओपन लायसन्सचा, सात वजनांत (बारीक ते जाड अशा सात जाडींत) मिळतो. बातम्या, नोटिसा, फॉर्म, कशालाही चालतो. हेडिंगला त्यांचाच बलू, थोडा गुबगुबीत आहे, मंडळाच्या साइटला शोभतो पण पतसंस्थेच्या साइटला शोभत नाही. लेख, कथा, दिवाळी अंक असं निवांत वाचायचं असेल तर टिरो देवनागरी मराठी बघा, नावातच मराठी आहे, हिंदी आणि संस्कृतचे वेगळे केलेत त्यांनी. आयआयटी मुंबईचा शोभिकाही छान आहे, संस्कृतची अवघड जोडाक्षरं येणार असतील तर विशेष.

काहीच फॉन्ट नाही दिला तर यंत्रात असेल तो येतो: विंडोजवर निर्मला, जुन्या विंडोजवर मंगल, अँड्रॉइडवर सहसा नोटो, ॲपलवर कोहिनूर. एकच पान चार ठिकाणी चार तऱ्हेचं. यादीत आपला फॉन्ट, मग नोटो सॅन्स देवनागरी, शेवटी सॅन्स-सेरिफ असं लिहा.

साइझ? देवनागरीला मी मजकुरासाठी १८ पिक्सेलच्या खाली जात नाही. सोळाला मात्रा आणि अनुस्वार पन्नाशीतल्या वाचकाला दिसत नाहीत, आणि मराठी साइट वाचणारे बरेच जण त्याच वयाचे असतात. आम्हीपण आता तिकडेच चाललोय.

बोल्ड केलं की अक्षरं शाई सांडल्यासारखी का दिसतात?

कारण तो खरा बोल्ड नाहीये. तुम्ही फॉन्टचं फक्त ४०० वजन (साधं) लोड केलंय आणि सीएसएसमधे ७०० (ठळक) मागताय, मग ब्राउझर तेच अक्षर फुगवून देतो. इंग्रजीत खपून जातं, पण ष, क्ष, ध, भ यांच्या आतल्या बारीक फटी बुजतात. ७०० वेगळं लोड करा. इटॅलिकचंही तेच, बहुतेक देवनागरी फॉन्टांना तिरकं रूप नसतंच, ब्राउझर उभ्या अक्षराला ढकलून वाकवतो आणि काने पडायला आलेल्या भिंतीसारखे दिसतात. फॉन्ट-सिंथेसिस नन लिहिलं की ही दोन्ही नाटकं बंद होतात. मराठीत जोर द्यायला ठळक करा नाहीतर रंग बदला, तिरकं करायची आपली पद्धतच नव्हती.

फॉन्ट लावला आणि साइट उघडायला उशीर व्हायला लागला.

देवनागरी फॉन्ट जड असतो, जोडाक्षरं धरून त्यात शेकड्यांनी आकार असतात. टीटीएफ फाइल तशीच चढवली असेल तर वॉफ-टू (वेबसाठीचा दाबलेला फॉन्ट-प्रकार) करून घ्या, बरीच लहान होते. सातही वजनं लोड करू नका, ४०० आणि ७०० पुरे. फॉन्ट-डिस्प्ले स्वॅप लावा म्हणजे फॉन्ट येईपर्यंत यंत्रातल्या फॉन्टमधे मजकूर दिसत राहील, नाहीतर खेड्यातल्या नेटवर लोक कोऱ्या पानाकडे बघत बसतात. आणि युनिकोड-रेंज दिली तर पानावर देवनागरी अक्षर असेल तरच ती फाइल उतरते.

मराठीच्या जागी भलतीच अक्षरं येतात.

कशी भलती, त्यावर आहे. तीन प्रकार सांगतो.

डोक्यावर तिरकी रेघ असलेला इंग्रजी ए आणि त्याच्या मागे चार पाय फुटलेला गोळा, असं पुन्हा पुन्हा दिसत असेल तर एन्कोडिंगची (अक्षरं साठवायच्या पद्धतीची) गडबड आहे. यूटीएफ-८ मधे प्रत्येक देवनागरी अक्षर तीन बाइटचं असतं आणि ब्राउझर त्या तीन बाइटची तीन वेगळी अक्षरं करून दाखवतोय. हेडमधे (पानाच्या सुरुवातीच्या, न दिसणाऱ्या भागात) अगदी वर मेटा कॅरसेट यूटीएफ-८ लिहा आणि फाइलसुद्धा एडिटरमधून यूटीएफ-८ मधेच सेव्ह करा. दोन्ही हवं, नुसतं एक करून भागत नाही.

नुसत्या रिकाम्या चौकटी दिसत असतील तर त्या यंत्रात देवनागरी फॉन्ट नाही. वेबफॉन्ट द्या.

आणि सरळसरळ इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांची खिचडी दिसत असेल तर मजकूर जुन्या, युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमधे टाइप झालेला आहे. डीटीपीवाल्याकडून आलेल्या मजकुराचं हे नेहमीचं. त्यात मुळात इंग्रजी अक्षरंच साठवलेली असतात, फक्त त्या फॉन्टनं त्यांना मराठी चेहरा चढवलेला असतो. सीएसएसमधे तोच फॉन्ट लावून वेळ मारून नेता येते, पण मग शोधात काही सापडत नाही आणि कॉपी केलं की कचरा निघतो. कन्व्हर्टरमधून युनिकोड करून घ्या आणि नंतर डोळ्यात तेल घालून वाचा. र्‍हस्व वेलांट्या आणि रफार हमखास इकडचे तिकडे झालेले असतात.

"दऱ्या" लिहिलं तर "दर्या" होतं.

हा सीएसएसचा प्रश्न नाही पण विचारतात सगळे. डोंगरातल्या दऱ्या वेगळ्या आणि समुद्र म्हणजे दर्या वेगळा, आचाऱ्यांना दिलेलं मानधन आचार्यांना गेलं तर घोळच. अर्धा र आडवा हवा असेल तर नुक्त्याच्या ऱ पासून सुरुवात करायची, मग हलन्त, मग य. बाकी फॉन्ट करतो. जुन्या पद्धतीनं साधा र, हलन्त आणि झीरो-विड्थ-जॉइनर असंही चालतं, पण तो जॉइनर दिसत नाही आणि कॉपी-पेस्ट करताना गळून पडतो.

डिव्ह मधोमध कसा आणायचा?

डिव्ह म्हणजे साधा डबा, आणि हा प्रश्न जगातल्या सगळ्या भाषांत विचारला जातो. नुसतं आडवं मधे आणायचं असेल तर रुंदी ठरवा आणि डावी-उजवी मार्जिन ऑटो करा. उभं-आडवं दोन्ही हवं असेल तर बाहेरच्या डब्याला डिस्प्ले फ्लेक्स, जस्टिफाय-कंटेंट सेंटर, अलाइन-आयटम्स सेंटर, आणि त्या डब्याला उंची द्यायला विसरू नका, उंचीच नसेल तर उभ्यात मधे म्हणजे कशाच्या मधे? फ्लेक्सबॉक्सचा चौकातल्या वाढदिवसाच्या फ्लेक्सशी संबंध नाही, हेही एकदा सांगावं लागलंय.

फ्लेक्स का ग्रिड, हाही प्रश्न येतो. एका ओळीत मांडायचं असेल तर फ्लेक्स, ओळी आणि रकाने दोन्ही जुळायला हवे असतील तर ग्रिड. कार्यकर्त्यांचे फोटो, पाककृतींची कार्डं, यांना ग्रिड.

सीएसएस बदललं पण पानावर काहीच फरक नाही!

अर्ध्या वेळा ब्राउझर जुनीच फाइल दाखवत असतो. कंट्रोल-एफ-पाच मारा.

तरी नाही? मग एफ-बारा दाबा, एलिमेंटवर राइट क्लिक करून इन्स्पेक्ट करा आणि उजवीकडे बघा. तिथं तीन गोष्टी दिसू शकतात. तुमचा नियमच दिसत नसेल तर सिलेक्टर चुकलाय किंवा फाइल लिंकच झालेली नाही. नियम दिसतोय पण त्यावर काट मारलीय तर दुसरा कुठलातरी नियम वरचढ ठरलाय, आणि कुठला ते तिथंच वर लिहिलेलं असतं. आणि काट मारून शेजारी पिवळं चिन्ह असेल तर ब्राउझरला ती ओळ कळलीच नाही, म्हणजे स्पेलिंग नाहीतर सेमीकोलन. सेमीकोलन राहिला तर ती आणि पुढची अशा दोन्ही ओळी एकत्र वाचल्या जातात आणि दोन्ही वाया जातात, म्हणून "रंग पण गेला आणि साइझ पण गेली" असं होतं तेव्हा दोन्हींच्या मधे बघा.

वरचढ कोण त्याचा क्रम साधा आहे. टॅगपेक्षा क्लास मोठा, क्लासपेक्षा आयडी (पानातल्या एकाच एलिमेंटला दिलेलं नाव) मोठा, आयडीपेक्षा टॅगमधेच स्टाइल म्हणून लिहिलेलं मोठं. वजन सारखं असेल तर शेवटी लिहिलेलं जिंकतं.

आणि व्हॉट्सॲपवरून किंवा वर्डमधून कोड कॉपी केलात का? तिथं सरळ अवतरणचिन्हांची वाकडी होतात आणि ब्राउझरला ती चालत नाहीत. हे शोधण्यात माझी एक अख्खी रविवार दुपार गेलीय, जेवण गार.

मग सगळीकडे इम्पॉर्टंट लावलं तर?

इम्पॉर्टंट म्हणजे हा नियम बाकीच्यांना हरवेल असा शिक्का. चालेल, आठवडाभर. मग त्या इम्पॉर्टंटला हरवायला दुसरा इम्पॉर्टंट लागतो. दुसऱ्याच्या प्लगइनला गप्प करायला एखाद्या ठिकाणी ठीक आहे.

क्लासला मराठी नाव देता येतं का?

येतं! कुणाला सांगितलं तर खोटं वाटतं. सीएसएसमधे क्लासचं नाव देवनागरीत चालतं, .ठळक, .सूचना, .पावती असं खुशाल लिहा. व्हेरिएबललाही चालतं, --भगवा असं एकदा ठरवून ठेवायचं आणि सगळीकडे तेच वापरायचं. मी शिकवताना मुलांना हेच करायला लावतो, कारण मग आपलं काय आणि सीएसएसचं काय ते पटकन डोळ्याला कळतं.

एक खोच आहे. दिसायला सारखं पण आतून वेगळं टाइप झालं तर जुळत नाही. कुणी आ एका फटक्यात टाइप करतो, कुणी अ ला काना देतो, डोळ्याला दोन्ही एकच, ब्राउझरला दोन वेगळी नावं. तेव्हा साधी नावं ठेवा आणि कॉपी-पेस्ट करा.

मोबाइलवर पान आडवं सरकतं.

आधी हेडमधे व्ह्यूपोर्टचा मेटा टॅग आहे का बघा, नसेल तर फोन ते पान डेस्कटॉपचं समजून आक्रसून दाखवतो. तो असेल तर काहीतरी रुंद झालंय. सगळ्या एलिमेंटना तात्पुरती लाल आउटलाइन लावा, एक पिक्सेल, लगेच दिसेल कोण चौकटीबाहेर पडलंय. नेहमीचे गुन्हेगार: पिक्सेलमधे दिलेली रुंदी, मोठे फोटो, टेबल, आणि शंभर टक्के रुंदीवर वर पॅडिंग. फोटोंना मॅक्स-विड्थ शंभर टक्के आणि हाइट ऑटो. पॅडिंगसाठी सगळ्यांना बॉक्स-साइझिंग बॉर्डर-बॉक्स, मग पॅडिंग रुंदीच्या आतच धरलं जातं.

लांब शब्दांसाठी वर्ड-ब्रेक ब्रेक-ऑल लावू नका, ते कुठंही तोडतं, "ग्रामपंचायतीच्या" चं "ग्रामपं" वर आणि "चायतीच्या" खाली, लोक हसतात. ओव्हरफ्लो-रॅप ब्रेक-वर्ड लावा, ते अगदीच मावेनासं झालं तरच तोडतं.

दोन्ही कडा सारख्या, वर्तमानपत्रासारखं जस्टिफाय करू का?

मोबाइलवर नको. मराठी शब्द प्रत्यय लागून लागून लांब होतात, एका ओळीत चारच शब्द बसतात आणि मधे बैलगाडी जाईल एवढ्या फटी पडतात.

भगव्या पट्टीवर पांढरी अक्षरं वाचता येत नाहीत म्हणतात, पण आम्हाला तोच रंग हवाय.

हवाच असणार, मंडळ आहे म्हटल्यावर. पण हिशेब बघा. वाचनीयतेचा जागतिक नियम साध्या मजकुराला किमान ४.५ ला १ एवढा फरक मागतो, मोठ्या अक्षरांना ३. आपला नेहमीचा भगवा, कोड एफएफ९९३३, त्यावर पांढरं ठेवलं तर हा फरक जेमतेम २.१ भरतो, उन्हात फोन धरला की काहीच दिसत नाही. त्याच भगव्यावर काळं ठेवलं तर जवळपास १० होतो. तर पट्टी भगवी राहू द्या, अक्षरं काळी किंवा गडद तपकिरी करा. अध्यक्षांना पटवायची माझी युक्ती अशी, की त्यांच्याच फोनवर पान उघडून त्यांना अंगणात नेऊन उभं करायचं.

यादीला मराठी आकडे कसे येतील? आणि अ, ब, क, ड?

आकडे सोपे, लिस्ट-स्टाइल-टाइप देवनागरी, झालं, १ २ ३ यायला लागतात. अ ब क ड साठी काउंटर-स्टाइल नावाचा नियम लिहावा लागतो: एक नाव द्या, सिस्टिम फिक्स्ड, सिम्बॉल्समधे अवतरणांत "अ" "ब" "क" "ड" "इ", आणि सफिक्समधे बंद कंस. म्हणजे प्रश्नपत्रिकेसारखं अ) ब) क) दिसतं. अक्षरं संपली की पुढे इंग्रजी आकडे येतात, पण प्रश्नाला पाचापेक्षा जास्त पर्याय देतो कोण. सध्याच्या सगळ्या मोठ्या ब्राउझरांत चालतं, जुन्या आयफोनांवर नाही चाललं तर तिथं आकडे दिसतील.

हेडिंगला ग्रेडियंट नाहीतर आउटलाइन दिली की विचित्र दिसतं.

ग्रेडियंटमधे (एका रंगातून दुसऱ्यात विरघळणाऱ्या छटेत) बॅकग्राउंड-क्लिप टेक्स्ट वापरलेलं असतं आणि अक्षराचा स्वतःचा रंग पारदर्शक केलेला असतो. म्हणजे बॅकग्राउंड जिथवर पोचतं तिथवरच अक्षर दिसतं. वेलांटी डब्याच्या वर गेली की ती गायब. वर-खाली पॅडिंग द्या.

आउटलाइनची गंमत वेगळी. देवनागरी फॉन्टमधे शिरोरेषा अखंड दिसावी म्हणून प्रत्येक अक्षराची रेघ शेजारच्याच्या रेघेवर किंचित चढवलेली असते. स्ट्रोक (कडेची रेघ) मारला की प्रत्येक अक्षराची कड वेगळी निघते आणि शिरोरेषेत उभ्या चिरा दिसतात. पेंट-ऑर्डरमधे आधी स्ट्रोक मग फिल असा क्रम द्या, आतल्या चिरा भरावाखाली झाकल्या जातात, मात्र स्ट्रोक दुप्पट जाड घ्या कारण त्याचाही आतला अर्धा भाग झाकला जातो. अर्धपारदर्शक रंग दिल्यावर सांध्यांवर गडद ठिपके येतात त्याचंही कारण हेच. रंग पूर्ण ठेवून एलिमेंटलाच ओपॅसिटी द्या, ठिपके जातील.

गोष्टीचं पहिलं अक्षर मोठं करायचंय, जुन्या मासिकात असायचं तसं.

फर्स्ट-लेटर सिलेक्टर आहे, पण गोष्ट "स्त्री" नं किंवा "प्रत्येक" नं सुरू झाली तर काही ब्राउझर जोडाक्षर मधेच तोडतात. मी पहिलं अख्खं अक्षर, काना-वेलांटीसकट, हातानं स्पॅनमधे (ओळीतल्या तुकड्याला वेढणाऱ्या टॅगमधे) घालतो. स्पॅन कधीही अक्षराच्या पोटात लावू नका, फक्त मात्रा लाल करायला गेलात तर ठिपक्यांचं वर्तुळ उगवू शकतं.

फॉन्ट टॅग, सेंटर टॅग, मार्की अजून चालतात ना?

चालतात, ब्राउझरवाले दयाळू आहेत. पण सीएसएसचा पहिला मसुदा होकोन विउम ली यांनी १९९४ मधे मांडला आणि १९९६ च्या डिसेंबरात सीएसएस-१ अधिकृत झालं, ते याच सगळ्यातून सुटका व्हावी म्हणून. दोनशे पानांत दोनशे ठिकाणी रंग बदलत बसण्यापेक्षा एका फाइलीत बदला. सरकत्या सूचनेचा, म्हणजे मार्कीचा, हट्ट असेल तर निदान दोन ओळी स्थिर दाखवा, धावत्या ओळीतला फोन नंबर आजवर कुणाला उतरवून घेता आलेला नाही.

वर्गणीची पावती प्रिंट केली की मेनू, फुटर सगळं छापून येतं.

मीडिया प्रिंट असा ब्लॉक लिहा आणि त्यात मेनू, फुटर, बटणं यांना डिस्प्ले नन करा. साइझ पॉइंटमधे द्या, ११-१२ पॉइंट ठीक. ब्राउझर प्रिंट करताना सहसा बॅकग्राउंडचे रंग टाकतच नाही, त्यामुळे गडद पट्टीवरची पांढरी अक्षरं कागदावर अदृश्य होतात, प्रिंटमधे अक्षरं काळी करून टाका. पावतीच्या डब्याला ब्रेक-इनसाइड अव्हॉइड लावा म्हणजे अर्धी पावती एका पानावर, सही दुसऱ्यावर असं होणार नाही.

आमच्याकडे फ्लेक्सवाल्यानं केलेली जेपीजी आहे, कार्यक्रमपत्रिका. तीच टाकली तर नाही का चालणार?

चालेल, खाली तोच मजकूर टाइप करून टाकणार असाल तर. दहा फुटी फ्लेक्ससाठी केलेली पत्रिका फोनवर आली की वेळ आणि ठिकाण मुंगीएवढं होतं, अंध वाचकाला काहीच ऐकू येत नाही, आणि "महाप्रसाद किती वाजता" असं शोधणाऱ्याला तुमचं पान सापडत नाही. चित्राला ऑल्ट (चित्राचं शब्दांतलं वर्णन) द्या, खाली तारीख, वेळ, पत्ता साध्या परिच्छेदात लिहा, त्यावर १८ पिक्सेल आणि १.७ लावा. टाइप करायचा कंटाळा असेल तर फोनवर बोलून टाइप करा, आमच्या खजिनदारांनी अख्खी देणगीदारांची यादी तशीच केली होती, फक्त नावं एकदा तपासून घ्या, फोननं दोन देणगीदारांची आडनावंच बदलून टाकली होती आणि ती आरतीच्या वेळी लक्षात आली.